शेत नसलेलं गाव

अमेरिकेतल्या बाईंची मेल आली तेव्हा मी वाचनालयात होतो. परत आलेली पुस्तकं फळ्यांवर लावायचं अर्ध्या दिवसाचं काम मी करतो. मेल छोटी होती. घराण्याच्या दफनभूमीत उभा करायचा दगड घडवायला दिला आहे, त्यावर कोणाकोणाची नावं यायची ते ठरलं आहे, आता फक्त सगळ्यात वरची ओळ राहिली आहे. हे घराणं आयर्लंडमधल्या ज्या गावाहून निघालं त्या गावाचं नाव तिथे कोरायचं होतं. ते नाव मीच शोधून दिलं होतं. एकदा दगडावर चढलं की खोडता येणार नाही, म्हणून महिन्याअखेरीपर्यंत पक्कं कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी नेहमीसारखं होतं, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार.

ते गाव चुकीचं आहे हे मला दहा-बारा दिवसांपूर्वी कळलं होतं. आणि पत्नी जाऊन पाच महिने झाले होते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

यातलं आधी काय लिहायचं ते मला कळेना. मी फोन खिशात ठेवला आणि हातातलं पुस्तक चुकीच्या फळीवर लावलं, ते दुसऱ्या दिवशी सापडलं.

या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडे ॲपलेचियन म्हणून डोंगरांची रांग आहे, तिथल्या एका खोऱ्यात त्यांचा जन्म गेला. तीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या घरांना टपाल पोचवलं, स्वतःच्या गाडीतून. निवृत्त झाल्यावर, ज्या वाटांवर आता कुणी राहत नाही आणि टपालही जात नाही, अशा वाटा त्या शोधायला लागल्या. दोनशे वर्षांपूर्वी बैलगाड्या आणि घोडे ज्या रस्त्यांनी डोंगरात शिरले ते रस्ते, आणि त्या रस्त्यांच्या कडेला पहिल्यांदा आलेल्या लोकांनी ओंडक्यांची घरं बांधली त्या जागा. जुने रस्ते शोधणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे आमची ओळख झाली. त्यांचे बहुतेक शेजारी आयर्लंडच्या उत्तरेकडून गेलेल्यांचे वंशज आहेत. त्यांचं घराणं मात्र दक्षिणेकडचं, म्हणजे मी राहतो त्या वॉटरफोर्डच्या बाजूचं. त्यांनी त्यांच्या बाजूचं टोक शोधलं होतं. माझ्या बाजूचं टोक मी शोधावं असं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.

त्यांनी मला बरंच शिकवलं. रस्ता शोधायचा तर पानगळ झाल्यावर जायचं. चाकांनी आणि पावसाने जुना रस्ता खोल गेलेला असतो, दोन्ही बाजूंची जमीन वर राहते, झाडं त्यात उगवली तरी तो खोलगटपणा जात नाही. घर शोधायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. निर्जन जंगलात पिवळ्या डॅफोडिलची सरळ ओळ दिसली तर समजायचं की इथे कुणाचं तरी अंगण होतं. मीही त्यांना काही गोष्टी सांगितल्या. इथे घर पडलं की त्या जागी खाजकुयलीसारखं अंगाला चटके देणारं नेटलचं रान माजतं, कारण माणसाच्या आणि गुरांच्या वस्तीने माती बदलते. आमच्याकडे अशा मातीला पांढरी म्हणतात, असं मी लिहिलं. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गाव उठून गेलं, दिवा लावायला कुणी उरलं नाही, की सरकारी दप्तरात त्याला बेचिराख गाव म्हणतात. त्यांना हे फार आवडलं. त्यांनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं म्हणे.

मी इथे येण्याआधी कराडला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचो. एकोणीस वर्षांपूर्वी पत्नीला इथल्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी आणि सहा वर्षांची मुलगी आलो. मला गाडी चालवता येत नाही. दर रविवारी मला डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडणं आणि माझ्याबरोबर चढणं हे पत्नीचं काम होतं. तिने ते कधी मागून घेतलं नव्हतं.

बाईंच्या घरी एका जुन्या धर्मपुस्तकाच्या कोऱ्या पानावर रस्ता लिहिलेला होता. गावाचं नाव नव्हतं. त्यांच्या पणजीच्या आईने लहानपणी ऐकलेलं कुणीतरी टिपून ठेवलं होतं, की चर्चपासून ओढ्याच्या कडेने वर यायचं, पाणी उथळ, उतार असेल तिथे ओढा ओलांडायचा, वाट फुटते तिथे डोंगराकडची धरायची, वरच्या तळ्याखाली आपली घरं. बस. मी पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा मोजणीचा नकाशा घेऊन बसलो. या देशात प्रत्येक शिवाराला वेगळं नाव आहे, अगदी दोन-चार शेतांच्या शिवारालासुद्धा. म्हणजे घरं सापडली की शिवार सापडेल आणि शिवार सापडलं की नाव सापडेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही कोमराच्या डोंगरात गेलो. ऊन होतं, पण वारा गार होता. पत्नीने कारखान्यात मिळालेलं निळं जाकीट घातलं होतं. ओढा, उतार, फुटलेली वाट, सगळं लिहिल्याप्रमाणे सापडत गेलं आणि मला हुरूप आला. तळ्याच्या खाली, ओढ्याच्या वळणावर, गवतात दगडी भिंतींचे पाये दिसले. एक, मग दुसरा, असे सात. लहान, लांबट चौकोन. मी त्या चौकोनांमध्ये फिरलो, पावलांनी मोजले. मला खात्रीच झाली.

खात्री का झाली ते आता कळतं. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावर, सड्यावर, धनगरवाडे आहेत. खालच्या गावातून बघितलं तर वर कुणी राहत असेल असं वाटणार नाही, पण तिथे बारा महिने माणसं राहतात, पावसाळ्यातसुद्धा, गुरं आणि माणसं एका छपराखाली. लहानपणी मामाबरोबर मी तिथे ताक प्यायला जायचो. त्यामुळे उंचावर, वाऱ्यात, पाण्याजवळ दगडांचे पाये दिसले की माझ्या डोक्यात लगेच वस्ती उभी राहते. दुसरा विचार येतच नाही.

पत्नी एका पडक्या भिंतीवर बसली होती. तिने काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "हे तुझ्या प्लँटचं ऑडिट नाहीये."

कारखान्यात ती गुणवत्ता तपासणीच्या विभागात होती. घरात आम्ही तिला यावरून चिडवायचो, मीठ चाखलं तरी ती नोंद करते म्हणून. पण त्या दिवशी मी चिडवत नव्हतो. मी तिचा फोटो काढला, त्यात तिची मान वळलेली आहे आणि चेहरा नीट दिसत नाही. घरी आल्याआल्या मी तो फोटो आणि शिवाराचं नाव बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्या स्वयंपाकघरात बसून रडल्या, आणि पुतण्याला बोलावून फोटो दाखवला.

तीन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी पत्नीच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि गुरुवारी ती गेली. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. त्या तीन आठवड्यांत आम्ही खूप बोललो होतो, पन्हाळीतल्या पानांबद्दल, मुलीच्या नव्या घराच्या कराराबद्दल, दिवाळीचा फराळ कुणाला द्यायचा याबद्दल. त्या डोंगरावरच्या प्रश्नाबद्दल बोललो नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नसावं.

बाईंना मात्र मी कळवलं नाही. पहिल्या महिन्यात मी कुणालाच मेल लिहिली नाही. मग त्यांची लांबलचक मेल आली, त्यांच्याकडे बर्फ पडलाय, पाय मुरगळलाय, त्यामुळे यंदा डॅफोडिल बघायला पुतण्याच्या गाडीतून जावं लागणार. त्या मेलमध्ये माझी पत्नी भिंतीवर बसलेली होती, निळ्या जाकिटात, त्यांच्या पूर्वजांच्या घरात. त्यांनी तो फोटो छापून फ्रिजवर लावला होता. मी उत्तरात पायाबद्दल चौकशी केली. पुढच्या मेलमध्ये त्यांनी सरळ विचारलं, तुम्ही दोघं कसे आहात. मी लिहिलं, आम्ही दोघं बरे आहोत. पाठवल्यावर मी ते वाक्य परत परत वाचलं. ते कुणी लिहिलं असं मला खरंच वाटलं.

चूक कळली ती अशी. वाचनालयात रोज अकरा वाजता एक म्हातारे शेतकरी पेपर वाचायला येतात. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची मेंढरं आहेत, आता मुलगा बघतो. पत्नी गेली तेव्हा ते घरी येऊन हात हातात घेऊन गेले होते. एप्रिलच्या सुरुवातीला मी त्यांना त्या जागेकडे जाणाऱ्या वाटेबद्दल विचारलं आणि फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"ही तुझी मिसेस."

"हो."

"देव तिला शांती देवो," ते म्हणाले आणि थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ही कुठे बसली आहे म्हणतोस?"

"गावात. जुनं गाव आहे ते."

"गाव?" त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "अरे, त्या बुलीच्या झोपड्या. उन्हाळ्यातल्या. मे महिना लागला की पोरी गाई घेऊन वर जायच्या, दूध काढायच्या, लोणी करायच्या, आणि हॅलोवीनला खाली. माझ्या आजीची आजी जायची म्हणे. हिवाळ्यात तिथे कुणी कुत्रं ठेवणार नाही."

"पण भिंती आहेत."

"भिंती आहेत. धुराडं आहे का? बटाट्याच्या सरी आहेत का आजूबाजूला? बटाटा नाही तिथे या देशात गाव नाही. इतिहास शिकवायचास ना तू?"

मी म्हणालो, वेगळा इतिहास. ते म्हणाले, "ग्रँड, मग ठीक आहे," आणि पेपर उघडला.

बटाट्याच्या सरी म्हणजे मातीचे उंच वाफे. पूर्वी लोक हाताने घालायचे. दीडशे वर्षं कुणी हात लावला नाही तरी उतरत्या उन्हात ते डोंगरावर फणीच्या रेघांसारखे दिसतात. त्या झोपड्यांच्या आसपास एकही रेघ नाही. मी घरी जाऊन सगळे फोटो पुन्हा पाहिले. मग आकाशातून काढलेले फोटो पाहिले. नाही.

आणि तेव्हा मला वाटलं की पत्नीने त्या दिवशी हेच विचारलं होतं. अरे, पण यांचं शेत कुठंय.

वाटलं, एवढंच म्हणता येईल. मला तिचा आवाज ऐकू येतो, "शेत कुठंय" हे शब्द ऐकू येतात, पण ते तिथे त्या वाऱ्यात बोललेले आहेत की त्या शेतकऱ्याने सांगितल्यावर मी ते तिच्या तोंडी घातले, हे मला सांगता येत नाही. मी उत्तर काय दिलं ते शब्दशः आठवतं. तिचा प्रश्न आठवत नाही. वर्गात मी मुलांना सांगायचो, एखाद्या पत्राचं फक्त उत्तर सापडलं असेल तर मूळ पत्रात काय होतं ते जपून ठरवा, आपल्याला हवं ते त्यात लिहू नका. मी बरेच दिवस जपून ठरवायचा प्रयत्न केला. ती ऑडिटसारखं काहीतरी बोलली असणार. म्हणजे काहीतरी कमी आहे असं. पण काय? कदाचित ती म्हणाली असेल, तू सात म्हणतोस, मला सहाच दिसतायत.

मुलगी डब्लिनला क्लोनडॉकिनमध्ये राहते, तिथल्याच एका कंपनीत काम करते. दगडाची मेल आली त्या शुक्रवारी ती घरी आली. मी तिला मेल वाचायला दिली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते अर्धं इंग्रजी, तेही इथल्या हेलाचं.

"बाबा, वेट. या बाईला आईचं माहीतच नाही?"

"नाही."

"फाइव्ह मंथ्स?"

"विषय निघाला नाही."

"प्रत्येक मेलच्या शेवटी ती आईला नमस्कार सांगतेय. दॅट इज द विषय." ती खाली स्क्रोल करत गेली. मग थांबली. "वी आर बोथ वेल. हे तू लिहिलंस?"

तिने उठून स्वयंपाकघरातलं प्रेस उघडलं, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काही न घेता बंद केलं.

"मला राग नाही आलेला," ती म्हणाली. "इट्स जस्ट, मी ऑफिसमध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, सो दॅट कुणी विचारू नये. आणि तू कुणालाच सांगत नाहीस, म्हणजे कुणीतरी विचारत राहावं."

मला ते तसं वाटलं नव्हतं. पण ती म्हणाल्यावर नाकारताही येईना.

मग मी तिला गावाची चूक सांगितली, शेतकऱ्याचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "युवर मॅन बरोबर बोलतोय. पण मग खरं गाव कुठंय? उद्या जाऊ. गाव शोध, मग दोन्ही एकदम लिहून टाक."

"दोन्ही एका मेलमध्ये कसं लिहायचं?"

"मग दोन मेल लिही. बाबा, प्लीज."

शनिवारी आम्ही गेलो. मुलगी आईपेक्षा वेगाने गाडी चालवते. चढताना ती दोनदा थांबली.

"आई एवढं चढली? गुडघे दुखत असताना?"

"चढली."

"तिला आवडायचं का रे हे?"

"म्हणजे काय, दर रविवारी यायची."

"ते नाही विचारलं मी." मग ती हसली. "मला म्हणायची, तुझ्या बाबाला गाडी आली असती तर मी एव्हाना भरतनाट्यम शिकले असते."

हे मला माहीत नव्हतं. गाडीबद्दल नाही, भरतनाट्यमबद्दल. आम्ही झोपड्यांपाशी पोचलो. गवत आता हिरवं होतं आणि जागा लहान वाटत होती. मी भिंतीकडे जास्त पाहिलं नाही. मुलीला विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळी आईने तुला फोन केला होता ना? काही म्हणाली होती?"

"म्हणाली पाय दुखतायत. आणि म्हणाली, बाबाला गाव सापडलं."

"सापडलं म्हणाली?"

"हो."

"कशी म्हणाली? म्हणजे, खरंच सापडलं असं, की..."

"नॉर्मल. बाबा, मला नाही आठवत. नॉर्मल म्हणाली."

यावर विचार करावा म्हणून मी खाली बसलो. तिला शंका असती तर ती मुलीला असं म्हणाली असती का? किंवा शंका होती, पण मी खूश आहे एवढंच तिला कळवायचं होतं? किंवा शंका नव्हतीच आणि तिने मला दुसरंच काही विचारलं होतं, थंडीबद्दल, घरी कधी जायचं त्याबद्दल, आणि मी तिला ऑडिट म्हणून गप्प केलं? यातलं शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटलं, आणि म्हणूनच ते खरं असेल की काय असंही वाटलं.

मुलगी म्हणाली, "गाई वर यायच्या तर खालून यायच्या ना? मग गाईंची वाट असेल."

ती बरोबर होती. झोपड्यांपासून खाली एक वाट जात होती, बाईंनी शिकवल्याप्रमाणे खोल गेलेली, दोन्ही बाजूंना वर आलेली जमीन. आम्ही ती धरून उतरलो. मी मागच्या वेळी वर चढताना ओढ्याच्या कडेने आलो होतो, त्यामुळे ती दिसलीच नव्हती. अर्ध्या तासाने ती वनखात्याने लावलेल्या स्प्रूसच्या झाडीत शिरली. आत अंधार होता, पायाखाली सुकलेल्या सुयांचा गालिचा. आणि मग झाडांच्या मधून भिंती. मोठ्या, उंच, एकीला अजून धुराड्याची बाजू उभी होती. झाडी संपली त्या मोकळ्या तुकड्यात नेटलचे कोवळे कोंब होते. त्याच्या पुढच्या उतारावर रेघा. बोटांनी ओढल्यासारख्या सारख्या अंतरावर, खालपर्यंत.

"हेच ना?" मुलगी म्हणाली. "बाबा, हेच."

मला हो म्हणायचं होतं. पण मी ओढ्याकडे बघितलं, तर पलीकडच्या काठावर तशाच भिंती होत्या, तशाच रेघा. दोन वस्त्या, मध्ये ओढा, आणि नकाशावर ओढा म्हणजेच दोन शिवारांची हद्द. दोन वेगळी नावं. कागदावर लिहिलं होतं की पाण्याच्या उतारावर ओढा ओलांडायचा, पण झाडं लावताना ओढ्याचं पात्र सरळ केलेलं दिसत होतं, आणि उतार कुठे होता ते आता कुणाला सांगता येणार? तळ्याखाली म्हणायचं तर दोन्ही तळ्याखालीच. आम्ही तिथे दोन तास फिरलो. मुलगी इकडून तिकडे उडी मारून गेली, दोन्हीकडचे फोटो काढले, मग एका दगडावर बसून सँडविच खाल्लं.

"सो आता काय लिहिणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

रविवारी दुपारी, मुलगी गेल्यावर, मी मेल लिहायला बसलो. आधी फक्त गावाबद्दल लिहिलं. ते नीट झालं, पण शेवटी पत्नीचा नमस्कार आला पाहिजे असं वाटायला लागलं, आणि मी ते पुसलं. मग फक्त पत्नीबद्दल लिहिलं. ते चार ओळींत संपलं, आणि त्यानंतर दगडाबद्दल लिहिणं निर्दयपणाचं वाटलं. दोन्हींच्या मध्ये काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा मी असं लिहिलं, की मी तुम्हाला दिलेलं गाव हे गाव नाही, तिथे लोक फक्त उन्हाळ्यात गुरं घेऊन येत. तिथे शेत नाही. माझ्या पत्नीने त्याच दिवशी, त्या भिंतीवर बसून, मला विचारलं होतं की यांचं शेत कुठे आहे, आणि मी तिला गप्प केलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती वारली. मी तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, आणि आम्ही दोघं बरे आहोत असं लिहायला नको होतं. खरी वस्ती खाली आहे, पण दोन आहेत, आणि दोन्हींतली तुमची कुठली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कृपा करून दगडावर नाव घालू नका.

त्यात एक वाक्य असं होतं ज्याची मला खात्री नव्हती. ते काढून पाहिलं तर मेल पुन्हा दोन तुकड्यांची झाली. मी ते परत घातलं आणि पाठवलं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. एरवी त्या तासाभरात लिहितात. तिसऱ्या दिवशी आलं. त्यांनी मला दोष दिला नव्हता. त्यांचे पती गेले तेव्हा त्यांनी सहा महिने टपालपेटीवरचं त्यांचं नाव तसंच ठेवलं होतं, एवढं एका ओळीत लिहिलं होतं. दगड घडवणाऱ्याला निरोप दिला होता, वरची ओळ कोरी सोड. आणि विचारलं होतं, तुमच्या पत्नी शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या का, त्यांना हे कसं सुचलं. मी खरं ते लिहिलं, की ती ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढली, शेत तिने गाडीच्या काचेतून पाहिलेलं. पण कुठेही गेली की इथे माणसं जेवतात काय, हे ती आधी बघायची.

त्यांच्याकडे मे महिन्यात एका रविवारी सगळं घराणं डोंगरावरच्या दफनभूमीत जमतं. थडगी झाडतात, फुलं ठेवतात, मग तिथेच झाडांखाली लांब टेबलं मांडून घरून आणलेलं जेवण जेवतात. त्या दिवशी दगड उभा राहिला. रात्री त्यांनी फोटो पाठवला. राखाडी दगड, त्यावर नावं, आणि वर एक हातभर जागा, टाकीचे घाव तसेच ठेवलेली, न घासलेली. खाली लिहिलं होतं की चाळीस माणसं होती, सगळे विचारत होते ते वर काय राहिलंय, म्हणून मी उभी राहून सांगितलं. भारतातून आलेली एक बाई आपल्या लोकांच्या जागेवर जाऊन बसली आणि तिने विचारलं, यांचं शेत कुठंय. सगळे हसले, आणि माझा चुलतभाऊ म्हणाला, आपल्या आजीनेही हेच विचारलं असतं. मग मी सांगितलं की ती आता नाही. मग आम्ही तिच्यासाठीही थोडा वेळ थांबलो.

पुढच्या शनिवारी मुलगी आली तेव्हा मी तिला हे दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

"आई असं म्हणाली होती?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे? तू त्यांना लिहिलंस ना?"

"लिहिलं. मला तसं वाटतं. खात्री नाही."

मला वाटलं आता ती रागावेल, की बाबा, चाळीस लोकांना.

"वेल," ती म्हणाली, "आता म्हणाली."

आणि तिने फोटो मोठा करून बघायला सुरुवात केली. दगडाच्या मागे ती सगळी माणसं उभी होती, म्हातारी बाई मध्ये खुर्चीवर, आणि त्यांतली निम्मी तरी दगडाकडे न बघता टेबलावर मांडलेल्या भांड्यांकडे बघत होती.